मोबाइलवर २४ तासांचं घड्याळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोन, लॅपटॉप आणि मनगटावरचं डिजिटल घड्याळ, तिन्हींवर काही महिने २४ तासांची पद्धत ठेवल्यानंतरचं मत आधीच सांगतो. लिहिण्या-वाचण्याला २४ तास, बोलण्याला १२ तास. मध्यरात्री तारखेचा होणारा घोळ मात्र दोन्ही पद्धतींत तसाच राहतो, तो वेगळा सांभाळावा लागतो.

अँड्रॉइडवर हा बदल सेटिंग्जमधल्या 'तारीख आणि वेळ' या पानावर होतो. २४ तासांचा पर्याय फिका दिसत असेल, तर भाषेनुसार आपोआप वेळ दाखवणारं बटण आधी बंद करा. आयफोनवर 'जनरल'मध्ये 'तारीख व वेळ' आहे. विंडोजमध्ये खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बदलायला 'शॉर्ट टाइम'चा फॉरमॅट बदलावा लागतो. बरेच जण फक्त 'लाँग टाइम' बदलतात आणि काहीच झालं नाही म्हणून सोडून देतात.

सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे १६:०० म्हणजे संध्याकाळचे सहा समजणं. डोळा शेवटचा आकडा उचलतो, आणि दोन तास उशीर होतो. त्यावर उपाय सोपा: शेवटच्या आकड्यातून २ वजा करा. १६ चे ४, १७ चे ५, १९ चे ७. वीसपासून पुढे सरळ १२ वजा करा. आठ-पंधरा दिवसांत हे गणित करावंच लागत नाही.

सर्वांत मोठा फायदा गजराचा. पहाटे साडेचारचा गजर पीएमवर राहून गेला, असं आता होऊच शकत नाही. उलट संध्याकाळच्या सातसाठी नुसतं ७:०० टाकलं तर गजर सकाळी वाजतो. तिथे १९:०० च टाकायची सवय लावावी लागते. दर आठ तासांनी घ्यायच्या औषधाला ०६:००, १४:००, २२:०० असे गजर लावले की अंतर बघताक्षणी कळतं. दुपारचे बारा एएम की पीएम, हा प्रश्नही संपतो: दुपार १२:००, मध्यरात्र ००:००.

आता रेल्वे. इथे चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर. तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० असेल, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री पोचायचं असतं. आपल्या बोलण्यात ती '१४ ची रात्र'च असते, त्यामुळे माणूस १५ च्या रात्री बॅग घेऊन निघतो आणि गाडी चोवीस तास आधी गेलेली असते. तिकीट काढतानाही तेच: गाडी मूळ स्टेशनवरून १४ ला रात्री सुटून तुमच्या स्टेशनवर मध्यरात्रीनंतर येत असेल, तर शोधताना तारीख तुमच्या स्टेशनची, म्हणजे १५ टाका. घरच्यांना निरोप देताना 'शुक्रवार-शनिवार मधली रात्र' असं लिहा. कुठल्याही कामाची मुदत ठरवताना 'रात्री १२ पर्यंत' न लिहिता तारखेसह २३:५९ लिहा.

परदेशातल्या नातेवाइकांशी कॉल ठरवायलाही बेरीज सोपी जाते. उन्हाळी वेळेत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथले २०:०० अधिक ९:३० म्हणजे २९:३०. २४ वजा केले की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे ०५:३०. हिवाळ्यात साडेदहा तास धरा.

पाळीच्या ड्युटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. २२:०० ते ०६:०० ही पाळी थेट वजा केली तर उत्तर ऋण येतं आणि कप्प्यात नुसती #### दिसतात. उत्तर ऋण आलं की त्यात १ मिळवा, कारण एक्सेलमध्ये पूर्ण दिवस म्हणजे १; मग बरोबर आठ तास येतात. महिन्याची बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की पुन्हा शून्यापासून मोजल्यासारखी दिसते. त्यासाठी फॉरमॅटमध्ये तासांच्या अक्षराभोवती चौकोनी कंस घाला.

बोलण्यात मात्र ही पद्धत आणू नये. 'साडेसातला ये' म्हणणाऱ्याला 'एकोणीस तीसला येतो' असं उत्तर दिलं, तर समोरचा मनात हिशेब करत बसतो. निमंत्रणातही 'सायंकाळी ६.३० वाजता' हेच ठेवा. ज्येष्ठांच्या फोनवर त्यांना विचारल्याशिवाय बदल करू नका. औषधाची वेळ ते त्यावरच बघतात.