एल्कसाठी काडतूस: .२७०, ७ एमएम मॅग्नम की .३०-०६?

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्न उरला नाही. पण डेन्व्हर किंवा कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्थिरावलेल्या आणि यंदा पहिल्यांदा एल्कचं लायसन्स काढणाऱ्या मराठी माणसापुढे तो दरवर्षी उभा राहतो. एल्क म्हणजे आपल्या काश्मिरी हंगुलचा भाऊबंद, पण अंगानं फार मोठा. नर सहज ३०० किलोंचा.

कोलोरॅडोच्या कायद्याची अट सोपी आहे: बोअर (नळीचा आतला व्यास) किमान ६ एमएम, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि आदळल्यावर पसरणारी, शंभर यार्डांवर ऊर्जा १००० फूट-पाउंड. तिन्ही काडतुसं ही अट फार मागे टाकतात, म्हणून निवड कायद्यावर अडत नाही. एच-वन-बी व्हिसावर असाल तर मात्र हंटिंग लायसन्स हातात येण्याआधी रायफल विकतही घेऊ नका आणि कुणाची हाताळूही नका. संघराज्याच्या कायद्यातली, अशा व्हिसावरच्या बंदूकबंदीतून मिळणारी सूट त्या लायसन्सवरच टिकून आहे. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो.

आता काडतुसं. .३०-०६ हे १९०६ चं लष्करी काडतूस. त्याच घराण्याचा खोका (दारू भरायची पितळी नळी) तोंडाशी आवळून १९२५ मध्ये .२७० आलं. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं. कारखान्याच्या नेहमीच्या भरणीत .२७० ची १३० ग्रेनची गोळी ३०६० फूट प्रति सेकंद वेगानं निघते, ७ एमएमची १६० ग्रेनची साधारण २९५० नं आणि .३०-०६ ची १८० ग्रेनची २७०० नं. कागदावर .३०-०६ मागे दिसतं. पण तिन्ही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या (म्हणजे गोळी तिथे नेमक्या नेमावर लागेल अशा जुळवल्या), तर ३०० यार्डांवर .२७० आणि .३०-०६ च्या घसरणीत जेमतेम दोन इंचांचा फरक पडतो. एल्कच्या फुफ्फुसांचा पट्टा दहा इंचांहून मोठा असतो. त्या दोन इंचांसाठी काडतूस बदलणं मला पटत नाही. ४०० यार्डांवर हा फरक नक्कीच वाढतो, पण नवख्यानं तिथून चाप ओढूच नये.

माझ्यासाठी निकाल लावला तो साकळलेल्या मांसानं. ॲस्पेनच्या झाडीत एल्क बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत आणि तिरका उभा सापडतो. नेमकं फऱ्यामागे मारायचं म्हटलं तरी खांद्याचं हाड वाटेत येतं. तिथे वेगवान, हलकी, साध्या शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचं आवरण फाटतं आणि शिशाचे व हाडाचे तुकडे विखुरतात. स्नायूंचे थर क्षणभर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पदरांमधून रक्त दूरवर पसरतं. कातडं सोलल्यावर छिद्र रुपयाएवढं दिसतं, पण त्याच्याभोवती दोन वितींपर्यंत जांभळा, जेलीसारखा थर असतो. तो पाण्यानं धुऊन जात नाही. उलट ओलं मांस लवकर खराब होतं. स्नायू पदरापदरानं सुटे करून काळपट भाग कापून टाकणं एवढंच हाती उरतं. पुढच्या एका फऱ्यात हाड काढून दहा-बारा किलो मांस असतं. गोळी आरपार गेली तर दुसऱ्या बाजूचा फराही गेला. कोलोरॅडोत चारही फरे आणि पाठीच्या कण्यालगतचं मांस खाण्यासाठी नेणं कायद्यानं बंधनकारक आहे. कायदा नसता तरी एवढ्या मोठ्या जनावराचं मांस डोंगरात टाकून यायला मन धजत नाही.

.३०-०६ ची १८० ग्रेनची बाँडेड (आवरण आणि शिसं एकमेकांना घट्ट जोडलेली) गोळी २७०० च्या वेगानं हाड मोडते, पण सहसा एकसंध राहते आणि जखमेभोवतीचा डाग खूप लहान राहतो. मोजमाप देता येणार नाही, पण फरे सोलताना हा फरक लपत नाही.

७ एमएम मॅग्नमचं थोडक्यात. झाडं संपतात तिथल्या उघड्या खोऱ्यांत ते अप्रतिम आहे. पण त्याला २४ ते २६ इंची नळी लागते, ती फांद्यांत अडकते, आणि नळी आखूड केली तर जास्तीची दारू आवाज आणि ज्वाळेतच जाते. घरी रिकामे खोके पुन्हा भरणाऱ्यांनी खोक्याच्या बुडाशी असलेल्या पट्ट्याकडे लक्ष द्यावं. डायनं (खोक्याला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यानं) खोक्याचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, दर वेळी पूर्ण मागे ढकलला तर खोका पट्ट्याच्या किंचित पुढे ताणला जातो, तिथे चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस बूड सुटतं. खांदा इंचाच्या दोन हजारांशांइतकाच मागे घ्या आणि वाकवलेल्या तारेनं आतून खाच लागते का ते चाचपा. खाच लागली की तो खोका टाकून द्या.

धक्क्याच्या बाबतीत .२७० खरोखर सुखद आहे, हे मान्य करायला हवं. आठ पाउंडांच्या रायफलीत .३०-०६ खांद्याला त्याहून जास्त जाणवतं. ज्याला मुख्यतः मैदानात प्राँगहॉर्न आणि म्यूल डिअर ही एल्कहून लहान जनावरं मारायची आहेत आणि एल्क क्वचितच, त्यानं .२७० घेतलं तर मी अडवणार नाही. मात्र एल्क हेच मुख्य असेल तर तराजू .३०-०६ कडे झुकतो. त्यात १५० पासून २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात. शिसं टाळायचं असेल तर १६५ किंवा १६८ ग्रेनची तांब्याची गोळी चांगली चालते. १८० ग्रेनसाठी शंभर यार्डांवर गोळी दोन इंच वर लागेल असा झीरो लावा आणि डोंगरात पोचल्यावर झीरो पुन्हा तपासा, कारण गाडीतल्या हादऱ्यांनी स्कोपचे स्क्रू ढिले होतात.

घरात आधीच .२७० असेल तर विकू नका. १३० ग्रेनऐवजी १५० ग्रेनची बाँडेड गोळी वापरा. ती २८५० च्या आसपास निघते. आणि जवळच्या अंतरावर एल्क आडवा वळेपर्यंत थांबा.