कमी दिवसाच्या बाळाला डोक्याची सोनोग्राफी पुरते का एमआरआय करायचाच?

आमची लेक २९ आठवड्यांत झाली, ११५० ग्रॅमची. सात आठवडे पेटीत काढून कोल्हापुरात राजारामपुरीत घरी आणली, आणि ४० आठवडे भरताना मेंदूचा एमआरआय करायचा का सोनोग्राफीवर थांबायचं हा प्रश्न समोर आला. आता तुमच्यापुढं तोच असेल तर आमचं काय झालं ते सांगतो, शेवटचा शब्द अर्थात तुमच्या डॉक्टरांचा.

एमआरआयला जास्त दिसतं, यात वाद नाही. सोनोग्राफीत रक्तस्राव कळतो, मोठ्या सिस्ट (पाण्यानं भरलेल्या पोकळ्या) कळतात, पण व्हाइट मॅटरला, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना, सगळीकडं थोडी थोडी इजा असेल किंवा लहान मेंदूत बारीक रक्तस्राव असेल तर ते निसटू शकतं. २००६ ला न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय मासिकात १६७ बाळांचा अभ्यास आला होता, त्यात एमआरआयमध्ये मध्यम किंवा जास्त इजा दिसलेल्या मुलांना दोन वर्षांच्या वयात हालचालीच्या, समजण्याच्या अडचणी जास्त निघाल्या. तरी २०१५ ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलं की कमी दिवसाच्या प्रत्येक बाळाला सरसकट एमआरआय नको.

आमचं घोडं अडलं ते दुधावर. एवढ्या लहान बाळाला दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच आत सरकवतात. आम्हाला ११ ची वेळ दिली, बायकोनं बरोबर पावणेअकराला पाजलं, मऊ धोतराच्या कापडात घट्ट बांधलं, पोरगी गाढ झोपली आणि नंबर लागला दीड वाजता, तोवर ती भुकेनं उठून मुठी चोखायला लागलेली. दुसऱ्या खेपेला आत गेली, पण कानावर मफ असून मशीनच्या ठकठकीनं दचकून उठली. तिसऱ्यांदा झोपेचं औषध देऊ म्हणाले. पेटीत असताना तिचा श्वास मधेच थांबायचा ते आम्ही डोळ्यांनी बघितलेलं, बायको नको म्हणाली आणि मला पण धीर झाला नाही.

याउलट सोनोग्राफीचं मशीन पेटीपाशी यायचं. टोपी वर सरकवायची, टाळूवर जेल, दहा मिनिटांत काम, पोरगी बऱ्याचदा जागी पण व्हायची नाही. अशा चार झाल्या, सगळ्या स्वच्छ. त्याच टाळूवर आता आजी रोज तेल जिरवते.

पण नुसत्या नॉर्मल सोनोग्राफीवर निवांत बसू नका हो. आमच्या डॉक्टरांनी त्याला हालचालींच्या तपासणीची जोड दिली. करेक्टेड वय, म्हणजे जन्मापासून नाही तर डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजलेलं वय, तीन ते पाच महिने असताना बाळ जागं, शांत, उताणं, हातात खेळणं नाही, असा काही मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, आणि ते शिकलेला माणूस त्यात हातापायांची बारीक, सतत चालणारी चुळबुळ बघतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं हालचालीत येणारं कायमचं अपंगत्व) लवकर ओळखायच्या २०१७ च्या शिफारशींत एमआरआयच्या बरोबरीनं हिचं नाव आहे. भाषा, शाळा, अभ्यास याचं मात्र कुठल्याच तपासणीत नक्की कळत नाही.

लेक आता करेक्टेड १४ महिन्यांची आहे, परवा रंकाळ्यावर माझं बोट धरून चालली. एका पोरीवरनं काय ठरत नाही हे कळतंय मला, पण सोनोग्राफ्या स्वच्छ असतील तर मी परत हेच करीन. ग्रेड ३-४ चा, म्हणजे मोठा रक्तस्राव किंवा सिस्ट दिसली असेल तर मात्र एमआरआयचं डॉक्टरांना नक्की विचारा, करायचा ठरला तर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या आणि दूध घरी न पाजता तिथं आत बोलावल्यावरच पाजा.