१९११ चा रुपया घेताना आधी हत्ती बघा

पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया म्हणून मी एक नाणं सहा हजारांना घेतलं आणि फसलो. असंच नाणं उद्या तुमच्याही पुढ्यात येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

या रुपयामागची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. राजाच्या झग्यावर एक इवलासा हत्ती आहे. पहिल्या वर्षी त्याची सोंड इतकी आखूड आली, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींत मिळून सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती. त्यातली जेमतेम सात लाख चलनात आली, बाकीची वितळवली. १९१२ पासून सोंड लांब केली. १९११ ला मागणी आहे ती यामुळेच.

हे सगळं ठाऊक असूनही मी हत्ती पाहिला नाही. प्रदर्शनातल्या त्या विक्रेत्याने नाणं हातात दिलं तेच सनाची बाजू वर करून. मी वजन केलं, ११.६६ ग्रॅम, बरोब्बर जुना तोळा. वाजवून पाहिलं, चुंबक लावला. सगळं चोख, कारण चांदी खरी आणि नाणंही टांकसाळीतलंच.

आठवड्याने एका जुन्या संग्राहक काकांना दाखवलं. त्यांनी ते आधी उलटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "अरे, ही सोंड लांब आहे. हा अकराचा नाही." मग सन पाहिला. पहिल्या तीन आकड्यांभोवती जुना काळपट थर होता. शेवटच्या एकाच्या डोक्याशी मात्र पृष्ठभाग किंचित खोलगट, चकचकीत, एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. इंग्रजी सातचा आडवा दांडा खरवडून एक केला होता. १९१७ चे रुपये कोट्यवधी पाडले गेले, सहज मिळतात.

विक्रेत्याला फोन केला. "तुम्ही तपासूनच घेतलंत ना?" एवढंच म्हणाला. बिल मी मागितलं नव्हतं. प्रत्येक वेळी मागाच, आणि त्यावर सन लिहून घ्या.

त्या दिवशी त्याच्या डबीत असे आणखी दोन रुपये होते. ते कुणी घेतले असतील, तर आजच राजाची बाजू भिंगाखाली धरा.