साखर सांगणारं घड्याळ घेताय? आधी हे वाचा

८,४९८ रुपये. त्यातले ६,९९९ घड्याळाचे आणि १,४९९ कसल्याशा 'ॲप ॲक्टिव्हेशन आणि वॉरंटी'चे. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर, सकाळी फिरायला आलेल्या ओळखीपाळखीच्या माणसांदेखत, क्यूआर कोड स्कॅन करून दिले. बिल नाही, हातात फक्त एक गुलाबी चिठ्ठी. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या गल्लीचं हसून झालंय. पण घड्याळं विकणारी ती पोरं आता दुसऱ्या कुठल्या तरी बागेत टेबल मांडून बसलेली असणार, म्हणून लिहितोय.

प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. मोफत तपासणी, पांढरी चादर, गळ्यात ओळखपत्र, 'फक्त आजच्यापुरता' भाव. मलाही ठाऊक होता. राजारामपुरीत स्टेशनरीचं दुकान चालवतो, गादीवाल्यांपासून पाण्याच्या मशीनवाल्यांपर्यंत सगळ्यांना पायरीवरून परत पाठवलंय. खोटी नोट हातात घेतल्या घेतल्या कळते मला. तेव्हा 'शिकलेली माणसं कशी काय फसतात' हे प्रवचन मला कुणी देऊ नये.

घड्याळ घेतलं ते आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आबांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. तालमीत अंग घासलेला, कान मोडलेला माणूस, पण बोटाला सुई टोचायची वेळ आली की बरोबर आंघोळीला जातो. त्यामुळे घरात रोज कटकट. हिचं म्हणणं, तुम्ही आबांना रागवत नाही. आबांचं म्हणणं, बोटाची चाळण झाली. त्यात स्ट्रिपांचा खर्च. अशा घरात 'न टोचता साखर' म्हटल्यावर माणूस थांबणार नाही तर काय?

आता नीट वाचा, कारण सगळा खेळ इथे आहे. आधी त्या पोरानं आबांचं बोट टोचून साध्या ग्लुकोमीटरवर शुगर बघितली. १६८. मग मनगटावर घड्याळ बांधलं आणि स्वतःच्या मोबाईलवर अंगठ्यानं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाला, "आबा, हात हलवू नका." घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकला, अर्धा मिनिट गेलं, आकडा आला १७१. बघ्यांतून "आयला!" असा आवाज निघाला. आबा तर खूशच. "ह्येच घ्या. आता सुई नको."

तो अंगठा. तो अंगठा मी बघितला होता! एवढंच नाही, विचारलंही होतं, "काय टाकताय मोबाईलमध्ये?" तो डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "कॅलिब्रेशन, साहेब. सुईचा आकडा एकदा द्यावा लागतो, मग घड्याळ शिकतं." घड्याळ शिकतं म्हणे! त्यानं १६८ टाकले आणि घड्याळानं त्याच्याच आसपासचा आकडा परत दाखवला, एवढीच त्याची विद्या. ते आठवलं की अजून रात्री झोप उडते.

पण मी गप्प का बसलो तेही ऐका. माझ्या भाच्याकडे नामांकित कंपनीचं, चांगलं महागडं घड्याळ आहे. रक्तदाब दाखवण्याआधी तेसुद्धा दंडाला पट्टा बांधून घेतलेला आकडा मागतं आणि दर २८ दिवसांनी पुन्हा मागतं. म्हणजे कॅलिब्रेशन ही खरी गोष्ट आहे. पोरगं साफ खोटं बोललं असतं तर मी तिथंच पकडलं असतं. त्यानं खऱ्याच्या आत खोटं घातलं. वर म्हणाला, "दंडावर चिकटवायचं ते सेन्सर बघितलंय ना साहेब? त्याचंच हे पुढचं मॉडेल." ते दंडावरचं मी बघितलं होतं. दुकानात येणाऱ्या एका बाईंच्या दंडावर असतं.

ते पुढचं मॉडेल वगैरे काही नाही. दंडावरच्या सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू कातडीखाली रुतलेला असतो, पेशींच्या अवतीभवतीच्या पाण्यातली साखर तो मोजतो आणि ठरावीक दिवसांनी, बऱ्याच मॉडेलांत १४ दिवसांनी, बदलावा लागतो. म्हणजे तिथेही टोचणं आलंच. घड्याळाचा हिरवा दिवा फक्त नाडी बघतो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २१ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर इशारा दिलाय की कातडीला न टोचता स्वतः साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि कधी? सगळं होऊन गेल्यावर.

झालं काय, तर काही आठवडे घरात शांतता होती. ग्लुकोमीटर कपाटात गेला. घड्याळ रोज ११८, १२४, १३१ असले गोड गोड आकडे दाखवायचं आणि आबा जेवताना वर एक पोळी जास्त मागायचे. एका संध्याकाळी इन्सुलिन घेतल्यावर जेवायला उशीर झाला. आबा पायरीवर बसलेले, बनियन घामानं चिंब, हात थरथरत होते. घड्याळात १२४. मी म्हटलं, उकाड्यानं होत असेल. हिनं ऐकलं नाही, कपाटातून मशीन काढली आणि बोट टोचलं. ५८. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली, हे शुगरवाल्या घराला सांगायला नको. साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, तेव्हा कुठं आकडा वर आला. त्या वेळी घरात मी एकटा असतो तर? घड्याळावर भरवसा ठेवून पंखा लावून दिला असता. पैशाचं सोडा, राग याचा आहे.

दुसऱ्या दिवशी घड्याळ काकडीला बांधलं. शुगर १२१, ठोके ७६. काकडीला बीपीसुद्धा निघालं, आबांपेक्षा चांगलं. तुमच्याकडे असलं घड्याळ असेल तर आजच काकडीला बांधा, आणि त्याच्या आकड्यावर इन्सुलिनचा एक युनिटही कमीजास्त करू नका. स्ट्रिपा बंद करू नका.

गुलाबी चिठ्ठीवरचा नंबर बंद. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव आलं होतं ते कुण्या माणसाचं होतं, बॅनरवरच्या कंपनीचं नाही. तुम्ही स्कॅन कराल तेव्हा पिन टाकायच्या आधी ते नाव वाचा. जुळत नसेल तर मोबाईल खिशात घाला आणि चालू लागा. बॅनरचा, टेबलाचा, त्या पोरांचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फोटो आहे तो आबांचा, घड्याळ बांधून हसतानाचा. त्यात बॅनरचा फक्त कोपरा आलाय.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी वाचला, घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "घड्याळ मिळालंय ना तुम्हाला?" मिळालंय. "मग फसवणूक कसली?" म्हटलं, साहेब, ते साखर सांगत नाही. तर म्हणाले, "वेळ तर बरोबर सांगतंय." हवालदार हसले. मग ऐकवलं की पैसे समोरासमोर दिलेत म्हणून हे सायबरमध्ये बसत नाही, माल मिळालाय म्हणून चोरीत बसत नाही, तुम्ही ग्राहकवाल्यांकडे जा. ग्राहकवाल्यांकडे गेलो तर तिथली बाई म्हणते, विरुद्ध पक्षाचं नाव-पत्ता लिहा. पत्ता असता तर मी त्या पत्त्यावरच गेलो नसतो का बाई? बँकेत म्हणाले, व्यवहार तुमच्या पिननं झालाय, आम्ही काही करू शकत नाही, आणि ज्याच्या खात्यात गेले त्याची माहिती गोपनीय आहे. चोराची माहिती गोपनीय, आणि माझं आधार, पॅन, पासबुक सगळ्या टेबलांवर झेरॉक्स होऊन पडलेलं. झेरॉक्सचं दुकान माझंच आहे म्हणून बरं, नाहीतर त्यातच आणखी शेकड्यानं गेले असते.

सगळ्यात कहर चौथ्या, औषधांच्या कचेरीत झाला. "आमच्याकडे औषधं येतात, घड्याळं नाहीत." अहो, १ एप्रिल २०२० पासून या देशात वैद्यकीय उपकरणं औषधांच्याच कायद्याखाली आलीत. रोगाचं निदान करतो म्हणून विकलेली वस्तू उपकरणात मोडते की नाही, एवढं तरी बघा! बाबू म्हणाला, "लेखी द्या, वरिष्ठांना पाठवतो." लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. टेबलावर शिक्का, शेजारी शाईचा पॅड, दोन्ही माझ्या हाताच्या अंतरावर. मारून घ्यावासा वाटला.

खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा 'आर' नंबर छापला होता, त्यालाही भुलू नका. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा की खोटा ते बघता येतं. पण खरा निघाला तरी तो विजेच्या सुरक्षेपुरता. साखरेशी त्याचा संबंध नाही. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, एमआरपी, कुठल्या देशाचा माल, हे खोक्यावर छापलेलं नसेल तर वस्तू हातातसुद्धा धरू नका. आमच्या खोक्यावर पत्त्याच्या जागी स्टिकर होता, स्टिकरच्या खाली दुसरा स्टिकर.

आणि ती शेजाऱ्यांची गोष्ट. कुणी सांगायच्या आधी मीच सांगतो. माझं बघून शेजारच्या नानांनी आणि समोरच्या वहिनींनीही घड्याळं घेतली, दोघांचे मिळून १६,९९६ गेले. त्या पोरांनी मला माणशी ५०० प्रमाणे १,००० रुपये परत पाठवले होते, 'रेफरल' म्हणून. मी मागितले नव्हते. खात्यात आपोआप आले. गल्लीत आता त्याला 'कमिशन खाल्लं' म्हणतात. कमिशन खाणारा माणूस स्वतःच्या बापाला तेच घड्याळ बांधतो का? नानांना मी त्यांचे ५०० देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. बोलतही नाहीत. वहिनींनी घेतले, मोजून.

पैसे गेल्या गेल्या कळलं तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून वेळ घालवू नका. खराब मालाची तक्रार १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर, करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फी नाही, ई-जागृती या सरकारी वेबसाइटवरून घरबसल्या दाखल होते आणि एकाच प्रकारात फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं मिळून एकच तक्रार करता येते. अडलंय ते फक्त पत्त्यावर. कोल्हापुरात, इचलकरंजीत, कुठेही ज्यानं हे घड्याळ घेतलं असेल आणि ज्याच्याकडे पूर्ण बॅनरचा फोटो, पावती किंवा त्या पोरांचा चालू नंबर असेल, त्यानं दुकानावर यावं. रात्री नऊपर्यंत उघडं असतं. झेरॉक्स माझ्याकडून.