माउंटची बॅटरी: काही महिने वापरल्यानंतर

दुर्बिणीच्या माउंटसाठी, म्हणजे दुर्बीण पेलून मोटरने फिरवणाऱ्या बैठकीसाठी, बॅटरी घ्यायची म्हटलं की सगळे आधी विचारतात, किती अँपिअर-तासांची? मी हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवेन. पहिला प्रश्न असा, की मोटर पूर्ण वेगाने फिरत असताना माउंटच्या सॉकेटपाशी किती व्होल्ट पोचतात?

माझा पॅक लिथियम आयर्न फॉस्फेटचा आहे, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास, म्हणजे २५६ वॉट-तास. त्यावर गो-टू माउंट (निवडलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळणारा), भिंगावर दव जमू न देणारी हीटर पट्टी आणि गाइडिंगचा, म्हणजे ताऱ्याचा माग अचूक ठेवणारा, छोटा संगणक चालतो. नुसत्या ट्रॅकिंगला, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने हळू सरकत राहायला, माउंट अर्धा-पाऊण अँपिअर घेतो, पण आकाशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे वळताना तोच आकडा अडीचपर्यंत चढतो. पट्टी आणि संगणक धरून सरासरी अडीच अँपिअर मानले तर हिशोबाने आठ तास मिळतात. पट्टी अर्ध्यावर ठेवली की पहाटे सामान आवरताना बॅटरी अजून शिल्लक असते.

यापूर्वी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी होती. लेड-ॲसिडचं व्होल्टेज रात्रभर हळूहळू उतरत जातं, थंडीत क्षमता आणखी घटते आणि ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की आयुष्यच कमी होतं. लिथियम फॉस्फेट जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहते. उत्तररात्री माउंट अडखळायचा तो आता अडखळत नाही. माझ्यासाठी बॅटरी बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

पण याच गुणाची एक अडचणही आहे. व्होल्टेज हलतच नाही, त्यामुळे साध्या व्होल्टमीटरवरून किती उरलंय ते कळत नाही. आणि संपायला आली की आतलं संरक्षण सर्किट एका क्षणात पुरवठा तोडतं, अलाइनमेंट, म्हणजे माउंटला सुरुवातीला करून दिलेली आकाशाची ओळख, गेलंच समजा. म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर मध्ये जोडावा. त्याच्यावरचा टक्क्यांचा आकडा भरवशाचा वाटतो.

आता केबल. यावर कुणी फारसं बोलत नाही आणि निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं, असं माझं ठाम मत आहे. पॅकसोबत आलेली तीन मीटरची केबल बारीक होती, अर्धा चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, म्हणजे साधारण ०.२ ओहम. माउंट जोरात वळताना मल्टिमीटर लावला तर बॅटरीपाशी १३.१ आणि माउंटपाशी १२.६! याच केबलवर हीटरही लावला असता तर आणखी खाली. दीड चौरस मिलिमीटरची वायर लावल्यावर ही घट दोन दशांशांच्या आत आली. लेड-ॲसिडवाल्यांनी तर बॅटरी बदलण्याआधी केबल बदलून पाहावी.

सिगारेट लायटरचा सॉकेट मला मुळीच पसंत नाही. दुर्बीण फिरताना केबल जरा ओढली गेली की तो प्लग सैल होतो. गोल पिनच्या प्लगमध्येही एक मेख आहे. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरचे, आतलं भोक मात्र कुणाचं २.१ तर कुणाचं २.५. मोठ्या भोकाचा प्लग बारीक पिनवर बसतो, छान बसल्यासारखा वाटतो आणि हात लागला की क्षणभर संपर्क सुटतो. हँड कंट्रोलरचा पडदा विझून पुन्हा लागला, तर आधी हा प्लग तपासा. ध्रुवता (प्लस-मायनस) मॅन्युअलमध्ये पाहूनच जोडा. बॅटरीला लागून फ्यूज हवाच, कारण शॉर्ट झाल्यास लिथियम पॅक प्रचंड करंट सोडू शकतो.

मोबाइलच्या पॉवर बँकेवर भागेल का? छोट्या स्टार ट्रॅकरसाठी, म्हणजे फक्त कॅमेरा ताऱ्यांसोबत फिरवणाऱ्या माउंटसाठी, हो. पण २०,००० मिलिअँपिअर-तास हे ३.७ व्होल्टवरचे असतात. वॉट-तासांत ते ७४ होतात, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम सहा अँपिअर-तास, रूपांतरातली गळती वेगळीच. शिवाय करंट फार कमी झाला की काही बँका आपोआप बंद पडतात. सोबत नेता येणारी मोठी पॉवर स्टेशनं (सॉकेटसह येणारे तयार बॅटरी-डबे) चांगली, फक्त त्यांचा इन्व्हर्टर वापरू नका. १२ चे २३० करायचे आणि ॲडॉप्टरने परत १२, यात वीज फुकट जाते. त्यांचा उजळ पडदाही झाकावा लागतो, कारण अंधाराला सरावलेले डोळे एका झगमगाटात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात.

थंडीतला एक नियम मी कटाक्षाने पाळतो. शून्य अंशाखाली ही बॅटरी वापरता येते, पण चार्ज करायची नाही. घरात आणून तापमानाला आली की मगच चार्जर.

विमानाने सूर्यग्रहण पाहायला जाणार असाल तर एवढा पॅक सोबत नेता येत नाही. सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात चालते, १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगीशिवाय आणि १६० पर्यंत विमान कंपनीच्या संमतीने. त्यासाठी सात अँपिअर-तासांचा छोटा पॅक घ्यावा. तो ९० वॉट-तासांच्या आत बसतो आणि दिवसा हीटर लागत नसल्यामुळे ग्रहणाच्या दोन-तीन तासांच्या ट्रॅकिंगला आरामात पुरतो.