हप्ते थांबवा म्हणाले, आणि आम्ही थांबवले

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या घरात महिन्याला सातशे दोन रुपये कमी पडत होते. हा आकडा मला तेव्हा ठाऊक नव्हता. तो ठाऊक असता तर कर्ज निम्म्यावर आणून देतो म्हणणाऱ्या कंपनीच्या नादी आम्ही लागलोच नसतो, म्हणून सुरुवात त्यानेच करते.

आम्ही घणसोलीला गावठाणातल्या एका इमारतीत भाड्याने राहतो. आमचे हे रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी दाणा मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. त्या वर्षी कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि दोघांचे मिळून हातात ४६,५०० रुपये येऊ लागले. भाडं १३,०००, किराणा-भाजी साडेआठ हजार, मुलांची शाळा आणि क्लास साडेचार हजार, दूध २,१००, वीज आणि गॅस २,३००, सासूबाईंची औषधं १,८००, रेल्वेचे पास आणि मोबाइल १,९००. उरायचे १२,४००. त्यातून पर्सनल लोनचा हप्ता ८,५०२ आणि क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, ४,६०० भरायचा.

लोन तीन लाखांचं होतं, सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी काढलेलं. कार्डावर ९२,००० थकले होते आणि मिनिमम भरतोय म्हणजे कर्ज उतरतंय, असंच आम्ही दोघं समजत होतो. प्रत्यक्षात कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत होतं. म्हणजे ३,२२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३,८००. आम्ही भरलेल्या ४,६०० मधले जेमतेम आठशे मुद्दलात जायचे. शेवटच्या आठवड्यात पैसे संपले की सातशे-आठशेचा किराणा त्याच कार्डावर यायचा. आठशे उतरायचे, सातशे पुन्हा चढायचे. दिवसभर दुसऱ्याच्या वह्या पैशापैशाने जुळवणारी मी, पण घरच्या वहीत फक्त खर्च लिहीत गेले. खाली रेघ मारून वजाबाकी केली नाही.

जाहिरात ह्यांच्या मोबाइलवर आली होती. ‘हप्त्यांनी हैराण आहात? कर्ज निम्म्यावर आणा, कायदेशीर मार्गाने.’ माहिती भरली आणि अर्ध्या तासात फोन. शनिवारी आम्ही दोघं वाशी स्टेशनजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर तराजूचं चित्र. समोर बसलेला मुलगा तिशीच्या आतला असेल. छान मराठी बोलत होता, मला ताई आणि ह्यांना दादा म्हणत होता. त्याने आधी पाणी दिलं, मग अर्धा तास काहीही न विकता आमचं ऐकून घेतलं. कर्जाबद्दल आम्ही नातेवाइकांतही कुणाशी बोललो नव्हतो. तिथे मी रडले. त्या मुलाने टिश्यूचा डबा पुढे केला आणि म्हणाला, “ताई, चूक तुमची नाही, बँकेची आहे.” माझ्या मते आम्ही फसलो ते त्या वाक्याला. कागद नंतर आले.

कागद असे होते. लोनचे उरलेले २ लाख ३१ हजार आणि कार्डाचे ९२ हजार, मिळून ३ लाख २३ हजार. ही कंपनी बँकेशी बोलून ते निम्म्यावर आणणार. त्यासाठी आम्ही बँकेचे हप्ते पूर्ण थांबवायचे, कारण “नियमित भरणाऱ्याला बँक सूट देत नाही”. नोंदणीचे ५,९०० एकदाच. दरमहा सेवाशुल्क ३,५४०. शिवाय महिन्याला ६,००० त्यांच्याकडे ‘सेटलमेंट फंड’ म्हणून जमा करायचे, तडजोड ठरली की त्यातून बँकेला देणार. आमच्या डोळ्यांसमोर एकच हिशेब नाचत होता, की १३,१०२ ऐवजी ९,५४० जाणार. महिन्याला साडेतीन हजार मोकळे. कुठल्याही ओढगस्तीच्या घराला हेच ऐकायचं असतं आणि त्या धंद्यातल्या लोकांना ते पक्कं माहीत असतं.

नियमित भरणाऱ्याला बँक सहसा तडजोड देत नाही, एवढं खरं आहे. त्यांनी सांगितलं नाही ते पुढचं. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं. तडजोड झाली तरी सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असं येतं आणि पुढे कर्ज मागायला गेलं की प्रत्येक बँक ते बघते. शिवाय तडजोड करायची की नाही हे पूर्णपणे बँकेच्या मर्जीवर असतं. बाहेरची कुठलीही कंपनी ती मिळवून देण्याची हमी देऊच शकत नाही. आम्हाला हमी तोंडी मिळाली होती. करारनाम्याच्या तिसऱ्या पानावर बारीक इंग्रजीत ‘निकालाची खात्री नाही, शुल्क परत मिळणार नाही’ असं छापलेलं होतं. त्या पानावर माझी सही आहे.

मग त्यांनी एकेक गोष्ट करायला सांगितली आणि आम्ही करत गेलो. ह्यांचा पगार आणि कर्ज एकाच बँकेत होतं, तर बँक परस्पर पैसे वळते करेल म्हणून पगाराचं खातं दुसरीकडे हलवलं. सेवाशुल्कासाठी यूपीआय ऑटोपे चालू केलं, तारीख दोन, म्हणजे पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. बँकेचे फोन उचलायचे नाहीत. एसएमएस आला की स्क्रीनशॉट त्यांना पाठवायचा. ते उत्तर द्यायचे, “लीगल टीम बघतेय.” आता मागे बघताना कळतं की बँक आणि आमच्यामध्ये एक भिंत बांधली जात होती आणि विटा आम्हीच उचलून देत होतो.

पहिले दोन महिने खरंच बरे गेले. दिवाळीला मुलांना कपडे घेतले. हे मुद्दाम सांगते, कारण आज कुणी त्या दुसऱ्या महिन्यात असेल तर त्यालाही वाटत असेल की योजना चालतेय.

डिसेंबरपासून वसुलीवाले सुरू झाले. मला मार्केटमध्ये ऑफिसच्या फोनवर, ह्यांना कारखान्यात, रात्री साडेनऊलासुद्धा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. ते मला फार उशिरा समजलं. ज्यांना आम्ही महिन्याला साडेतीन हजार ‘कायदेशीर संरक्षणा’चे देत होतो, त्यांनी हे एका ओळीने सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी दोघंजण घरी आले. घरात सासूबाई एकट्या. त्या वॉकर घेऊन दारापर्यंत गेल्या. मुलाचं कर्ज थकलंय, सहा महिने पैसे भरलेले नाहीत, असं त्यांना दारात उभं करून सांगितलं गेलं, शेजारच्या दोन दारांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी घरी आले तेव्हा त्या पलंगावर बसून होत्या. “माझ्या पायासाठीच काढलं होतं ना ते?” एवढंच विचारलं. त्यांच्या औषधांच्या पाकिटात मला महिन्याच्या शेवटी पाच गोळ्या जास्त सापडल्या. त्या एक दिवसाआड घेऊ लागल्या होत्या.

ते दोघं येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाशीच्या ऑफिसात गेले. तो मुलगा तिथे नव्हता. नवीन माणसाने सांगितलं की आपली केस ‘प्रोसेस’मध्ये आहे, घाबरू नका, एक नोटीस पाठवायची आहे, तिचे आठ हजार फंडातून वळते करतो. बँकेला आत्तापर्यंत काय पाठवलंय ते दाखवा म्हटलं. तासभर बसवून एका ईमेलची प्रिंट हातात दिली. त्यात आमचा कर्ज खाते क्रमांकसुद्धा नव्हता.

मार्च संपता संपता मी धीर करून बँकेच्या शाखेत गेले. काउंटरच्या पलीकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर खातं उघडलं आणि म्हणाल्या, “तुमच्या नावाने कुणीही आमच्याशी तडजोडीचं बोललेलं नाही. आणि मॅडम, पहिल्याच महिन्यात तुम्ही का नाही आलात?” मग कागदावर त्यांनी जे मांडून दाखवलं ते मी जन्मभर विसरणार नाही. कार्डाचे ९२,००० तेव्हाच हप्त्यांत बदलून घेतले असते, १८ टक्क्यांनी, ३६ महिन्यांसाठी, तर हप्ता ३,३२६ बसला असता. लोनचे ८,५०२ मिळवून ११,८२८. आमच्याकडे उरत होते १२,४००. म्हणजे सगळं भागून पाचशे बहात्तर रुपये शिल्लक राहिले असते आणि तीन वर्षांत कार्ड कोरं झालं असतं. त्यासाठी कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करायचा होता. तेव्हा आमचं खातं स्वच्छ होतं, सिबिल स्कोअर ७२१ होता. बँकेने नकार द्यायचं कारण नव्हतं.

प्रत्यक्षात काय झालं ते आकड्यांत सांगते. कंपनीला सात महिन्यांत ३०,६८० शुल्क आणि ४२,००० फंड, एकूण ७२,६८० गेले. बँकेला शून्य. कार्डाचे ९२ हजार व्याज आणि लेट फी धरून १ लाख ३० हजारांवर गेले. लोनचा प्रत्येक हप्ता बाउन्स झाल्याचे ५९० वेगळे. त्या लोनचे २७ हप्ते राहायला हवे होते, ते मुदत वाढवून ४० झाले. सिबिल साडेपाचशेच्या खाली. लेट फी आणि थोडं व्याज बँकेने सोडलं आणि कार्डाचा आकडा १ लाख २० हजारांवर आणला. त्यातले ६४ हजार माझ्या आईने दिलेल्या पाटल्या मोडून भरले. उरलेल्या ५६ हजारांचे २,७१५ रुपयांचे २४ हप्ते पाडून घेतले. एकरकमी तडजोडीचाही पर्याय होता, पण ‘सेटल्ड’ हा शिक्का नको म्हणून आम्ही पूर्ण रक्कम फेडायचं ठरवलं.

कंपनीकडे फंडाचे पैसे मागितले तर नोटिसांचा खर्च, फाइल चार्ज असं काहीबाही कापून हिशेब दाखवला. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तिथे ‘करारावर सही आहे, दिवाणी बाब आहे’ असं सांगून पोच दिली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर मात्र तीन आठवड्यांत १८,००० परत आले. बाकीच्यासाठी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे फी लागत नाही, हेही मला आधी माहीत नव्हतं.

नंतर शोधताना कळलं की ११ डिसेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता. कर्जमाफीच्या जाहिराती करून काही संस्था सेवाशुल्क किंवा कायदेशीर शुल्क उकळतात, बँकेचं देणं फेडायची गरज नाही असं लोकांना सांगतात, त्यांना बळी पडू नका, असा. त्या महिन्यात आम्ही चौथं शुल्क भरलं होतं.

जे आत्ता यात अडकलेत त्यांच्यासाठी लिहिते. आधी मोबाइलमधल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा, कंपनीला न विचारता. मग करारनामा, पावत्या आणि व्हॉट्सॲपवरची सगळी बोलणी जपून ठेवा. चिडून काही डिलीट करू नका, माझे पहिल्या दोन महिन्यांचे मेसेज मी रागाने पुसले आणि आता तेच कामाला आले असते. वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो काढा, म्हणजे नक्की कुणाचं किती देणं आहे ते कळेल. आणि तोंड लपवून न बसता शाखेत जा. जे मागायचं ते लेखी मागा: मुदत वाढवणं, कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलणं, दंड कमी करणं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. वसुलीवाल्यांच्या त्रासाचीही आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

जाताना पगाराच्या स्लिपा न्या आणि घरखर्चाची वहीसुद्धा न्या. खाली वजाबाकी करून न्या. शाखेतल्या त्या बाईंनी माझ्या वहीचं पान बघितलं, औषधांच्या आकड्यावर क्षणभर बोट ठेवलं आणि स्वतः उठून त्याची झेरॉक्स काढून अर्जाला लावली.