हायवेवरचं ड्रॉप इन सेंटर : पाचपैकी साडेतीन स्टार

नाव टाकत नाही, जाणाऱ्या बायांना बरोबर समजते. नागपूर–हैदराबाद हायवेच्या अंगाला, तालुक्याच्या गावात दोन खोल्या आहेत, धंदा करणाऱ्या बायांसाठी. मी आधी फक्त फुकट निरोध अन् एचआयव्ही तपासणीसाठी जात होती. ते ठीकच आहे, रिपोर्ट दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत, एवढं पुरे. पण खरी कामाची आहे ती महिन्याची बैठक.

तिथली ताई स्वतः धंद्यात होती त्यामुळे भाषण देत नाही. एकीले गिऱ्हाईक बनवलं अन् मले म्हणे, कर सौदा. मी म्हटलं पाचशे. "कशाचे?" मी चूप! मग एकेक सांगतलं, काय करायचं, काय नाही, किती वेळ, निरोधाशिवाय नाही, एकटाच आहे का दोस्त बाहेर उभा आहे, हे सारं दार लावायच्या आधी बोलायचं अन् मंगच पैसे. अन् त्यानं मधातच निरोध काढला तर सौदा तिथंच मोडला. म्हटलं, पण बाप्पा, पैसे तर घेतले ना? तर म्हणे, "भाव ठरल्यावर व्यापाऱ्यानं काट्यावर कटती लावली तर तुहा बाप कापसाची गाडी परत फिरवत नाही काय?" माह्या बापानं खरंच फिरवली होती एकदा, मी गाडीतच बसून होती.

एकदा वकील मॅडम आल्या होत्या. बाई झगडली नाही, ओरडली नाही म्हणून तिची संमती धरता येत नाही, हे कायद्यातच लिहून आहे म्हणे, अन् आपल्यावर जबरदस्ती झाली तर बाकी बायांसारखीच लगेच दवाखान्याची मदत द्यायची, पोलिसांनी शिवीगाळ करायची नाही, निरोध पुरावा म्हणून धरायचा नाही, हे सुप्रीम कोर्टानं 19 मे 2022 ला सांगतलं. कुंटणखाना चालवणं अन् रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं मात्र 1956 च्या पिटा कायद्यात, म्हणजे अनैतिक व्यापार रोखायच्या कायद्यात, गुन्हाच आहे, तेही लपवलं नाही.

आता दीड स्टार काऊन कापला? मागच्या पावसाळ्यात एकानं ठरल्याच्या बाहेर जबरदस्ती केली, मी ठाण्यात गेली तर तिथला एक जण हसला, "तुही कसली मर्जी वं?" सेंटरले फोन लावला, उचललाच नाही. पाचले कुलूप लागते. आमचं काम सुरू होते सातले! ताई सकाळी आली सोबत, तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली.

अन् बाथरूमची कडी दुरुस्त करा, कितीदा सांगतलं. बैठक दुपारी दोनले असते, लेकरू नेलं तरी चालते.